सेन्सस सोनाबाईंच्या दारी

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील; मी मात्र एक जुना शब्द आहे, सेन्सस. मला हात लावता येत नाही. मी माणसांच्या ओठांवर राहतो आणि एरवी झोपून असतो.

माझा जन्म रोमचा. लॅटिनमधलं 'सेन्सेरे' हे क्रियापद माझी आई. पारखणं, मोल ठरवणं, मत देणं, असा तिचा अर्थ. रोमचे नागरिक मैदानात जमायचे आणि आपलं नाव, बापाचं नाव, घरदार, जमीनजुमला शपथेवर सांगायचे. त्या पारखीचं नाव मी. ती करणारा अधिकारी सेन्सॉर, माझा सख्खा भाऊ. हल्ली तो सिनेमाला कात्री लावतो, म्हणून लोक त्याच्या नावानं बोटं मोडतात. मी त्या मानानं गरीब. पुढे इंग्रजीनं मला दत्तक घेतलं, साहेबाबरोबर मी हिंदुस्थानात आलो आणि माझा अर्थ माणसांच्या मोजणीवर येऊन ठेपला. इथे मला खानेसुमारी, शिरगणती, जनगणना अशा बहिणी मिळाल्या. दहा वर्षांनी एकदा आमची आठवण होते. या खेपेला तर मी इतका वेळ झोपलो, की रोमची स्वप्नं पडू लागली.

जाग आली ती वळसंग गावात, इंद्रायणीबाईंच्या ओठांवर. त्या शाळेतल्या शिक्षिका, नोंदीसाठी मोबाइल घेऊन भर उन्हात घरोघर फिरत होत्या. सोनाबाईंच्या पडवीत त्या टेकल्या. सोनाबाईंचा मुलगा जोतीराम चिंचोळीला कारखान्यात कामावर गेला होता. घरी त्या आणि त्यांची सून पायल.

"मावशी, सेन्ससला आलेय. घरात किती माणसं?"

"तीन. म्या, माजा ल्योक आन् ही सून."

आतल्या खोलीत पाळणा कुरकुरला. बाईंनी मान वळवली. "आणि पाळण्यात?"

सोनाबाईंचा चेहरा उतरला. "त्येला नका मोजू, बाई. मोजलं की नजर लागती. आमच्यात लेकरं मोजत न्हाईत."

खरंच होतं ते. पोरं किती म्हणून कुणी विचारलं, तर 'हायती की देवाच्या दयेनं' एवढंच त्या घरात सांगत. आणि भीती उगाच नव्हती. पायलची आधीची दोन बाळं वर्षाच्या आतच गेली होती. बाईंचं बोट तीनच्या आकड्यावर घुटमळलं. माझा जीव तुटत होता, पण शब्दाला स्वतःहून बोलता येत नाही.

तेवढ्यात पायल बाळाला घेऊन दारात आली. सासूपुढे ती कधी तोंड उघडत नसे.

"आत्या, आदीच्या दोगांना कुटं कुणी मोजलं हुतं? तरी गेलीच की." तिनं बाळाला छातीशी धरलं. "त्यांचं नावनिशाण कुटंच न्हाय. ह्यो तरी असू द्या कुटंतरी."

सोनाबाई उठल्या. आतून मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या आणि बाळाची दृष्ट काढली. तेवढ्यावर थांबतात कुठल्या! बाईंच्या मोबाइलवरूनही त्यांनी ती मूठ ओवाळली. इंद्रायणीबाईंना हसू आलं, तरी त्यांनी मोबाइल पुढे धरून ठेवला.

"लिवा आता. चार."

मला पुन्हा स्वप्नात गेल्यासारखं वाटलं. रोममध्येही मोजणी संपली, की बळीचे प्राणी जमलेल्या लोकांभोवती फिरवत आणि देवाकडे सगळ्यांची खुशाली मागत. तीच माया मला इथे इतक्या दूर भेटली.

बाई निघाल्या, तशा सोनाबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "बाई, ती दोन बी लिवता येत्यात का?"

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि मान हलवून नाही म्हटलं.

मित्रांनो, गेलेल्यांसाठी माझ्यात जागा नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून दारात कुणी मोजायला आलं, तर पाळण्यातलं तान्हंसुद्धा सांगा. आहेत तोवर त्यांना मोजा आणि जपा.