पोकलेनचा ताप

शेवटी साइटवरून हाकलले गेले ते खुद्द मालक. ही बातमी तुमच्या कानावर आलेलीच नाही असं धरून पुढे वाचा, कारण त्या सकाळी सगळ्यांच्या मते जाणार होते ते माझे मामा.

मामा पोकलेन चालवतात. बरेच दिवस रोज जेवणाच्या जरा आधी काचेवर लाल दिवा लागायचा, म्हणजे इंजिनातलं पाणी उकळतंय. मग इंजिन जिवाच्या भीतीने नुसतं धापा टाकत राहायचं आणि मशीनचा लांब हात कोणाला तरी टाटा केल्यासारखा हवेतच अडकायचा.

मी त्यांचा भाचा आणि त्या मशीनचा मेकॅनिक. मी तापमानाचा सेन्सर बदलला. नवा सेन्सर जुन्यापेक्षा ठणकावून खोटं बोलू लागला. रेडिएटर धुतला, वायरी ओढून, हलवून, गोंजारून पाहिल्या. माझ्यासमोर मशीन गुणी बाळ. माझी पाठ वळली की दुसऱ्या दिवशी पुन्हा ताप.

शेवटी मालकांनी स्वतः निदान केलं.

"मशीन ठणठणीत आहे. तुमचे मामा ते रगडतात," ते मला म्हणाले. "आज ज्याच्यामुळे दिवा लागेल तो फाटकाबाहेर. मग तो कोणीही असो. वॉचमन, ऐकलंस ना?"

वॉचमनने ऐकलं. तो ऐकलेलं कधी विसरत नाही, एवढाच त्याचा दोष.

खुर्चीवर पुढे कोण बसणार हेही ठरलेलं होतं. मालकांचा मेहुणा. त्याला सगळे गॉगल म्हणतात. तो सिमेंटच्या पोत्यावर बसून दोन्ही हातांनी हवेतल्या हवेत पोकलेन चालवायचा सराव करत होता. हवेतसुद्धा त्याने एकदा भिंत पाडली, असं पाहणारे सांगतात.

"भाचेबुवा," मामा म्हणाले, "ही खुर्ची गेली तर मला घरी बसावं लागेल. घरी तुझी मामी आहे."

"मामी चांगली आहे की."

"चांगलीच आहे. पण तिथे चालवायला मला काहीच नाही."

म्हणून मी ठरवलं, आज ताप चढलेला असतानाच नाडी बघायची. लॅपटॉप मशीनला जोडला, वायर केबिनबाहेर ओढली आणि वाट बघत उभा राहिलो. लाल दिवा लागला. लॅपटॉपही म्हणाला, पाणी उकळतंय.

"मामा, इंजिन चालू राहू दे. बॉनेट उघडा."

आमच्या साइटवर एक रीत आहे. इंजिनाच्या अंगाला एक सपाट जागा आहे, तिथे जेवणाच्या जरा आधी सगळे आपापले डबे ठेवतात. इंजिन काम करतं, भाजी गरम होते. आणि बॉनेट उघडलं की कशालाही हात लावायच्या आधी डबे बाहेर काढायचे, नाहीतर भाजीत ऑइल पडतं. त्या रीतीने मामा एकेक डबा बाहेर काढू लागले. तेवढ्यात माझ्यासमोरचा आकडा उकळीवरून धाडकन खाली आला.

पाणी इतक्या चटकन थंड होत नाही. लग्नात रुसलेला जावईसुद्धा होत नाही.

"मामा, डबे परत ठेवा," मी म्हणालो. "होते तिथेच. एकेक करून."

मामांचा चेहरा पडला. दोषी डबा असला तरी डब्याला धनी असतो, आणि फाटक तिथून स्पष्ट दिसत होतं. मालक हाताची घडी घालून जवळ आले. गॉगल पोत्यावरून उठला.

वॉचमनचा डबा ठेवला. आकडा जागचा हलला नाही. गॉगलचा ठेवला. नाही. मग मामांनी स्वतःचा डबा उचलला आणि माझ्याकडे वाकून पुटपुटले, "भाच्या, जरा हलक्या हाताने."

"हात तुमचाच आहे, मामा."

"म्हणून तर काळजी."

डबा टेकला. काही झालं नाही. मामांनी जो श्वास सोडला, त्यापुढे रेडिएटरचा पंखा किरकोळ वाटला.

आता उरला एकच. स्टीलचा, चार मजली, बाजूला भली मोठी कडी. तो आडवा करून दाबला तरच आत मावत होता. मामांनी दाबला. लाल दिवा लागला.

मी टॉर्च मारून पाहिलं. कडीखाली सेन्सरची वायर चेंगरत होती. तिचं कातडं सोललं होतं, आतली तार लोखंडाला टेकत होती, आणि तिकडे मशीनला वाटत होतं की पाणी उकळलं. डबा काढला की वायर सुटायची आणि सगळं आलबेल. म्हणजे दर वेळी तपासाला सुरुवात करायच्या आधी आम्ही आरोपीला अदबीने बाहेर बसवत होतो.

मालक त्या डब्याकडे अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसं बघत राहिले.

"हा घरून देतात," ते म्हणाले. "मी नुसता आणतो."

"ताईवर ढकलू नका, भावोजी," गॉगल म्हणाला.

वॉचमनने फाटक उघडलं होतं.

"अरे, मी मालक आहे."

"कोणीही असो म्हणालात, मालक."

मालक शब्दाचे पक्के. निमूट बाहेर गेले आणि कुंपणापलीकडून ओरडून ओरडून कामं सांगू लागले. मी वायरीवर टेप गुंडाळली, तिला नळीत घातली आणि डब्यांपासून लांब बांधून टाकली. दिवा पुन्हा लागला नाही.

जेवायची वेळ झाली. मामा खुर्चीत बसले, पोकलेनच्या बकेटमध्ये तो चार मजली डबा ठेवायला लावला, लांब हात कुंपणावरून पलीकडे नेला आणि मालकांच्या पुढ्यात अलगद टेकवला. रश्शाचा थेंबही सांडला नाही.

"हे मला हवेतसुद्धा जमलं नसतं," गॉगल म्हणाला आणि पोत्यावर जाऊन बसला.

कुंपणापलीकडून मालकांचा भरल्या तोंडाचा आवाज आला. "खुर्ची तुमचीच. फक्त पाणी पाठवा."

संध्याकाळी मी मशीन बनवणाऱ्या कंपनीला रीतसर कळवलं: पुढील मॉडेलमध्ये इंजिनाशेजारी चार मजली डब्यासाठी स्वतंत्र कप्पा देण्यात यावा, त्यास वेगळा सेन्सर जोडून भाजी तापताच काचेवर हिरवा दिवा लागेल अशी तजवीज व्हावी, आणि सदर दिवा लागेपर्यंत सदर चालकास सदर खुर्चीवरून कोणत्याही मेहुण्याच्या सोयीसाठी उठवण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.