कोरं दार

वरलक्ष्मीच्या गळ्यातली साखळी गेली तेव्हा ती सकाळी दारात वाकून कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढत होती. पाठ रस्त्याकडे, चिमटीत तांदळाचं पीठ. मागून मोपेड आली, मानेला हिसका बसला, खेळ खलास. मानेवरचा ओरखडा यथावकाश भरला. पण तेव्हापासून तिला रस्त्याकडे पाठ करता येईना, आणि कुकरची शिट्टी झाली तरी हात गळ्याशी जाई.

हे सांगायचं कुणाला? विचारपूस करायला येणाऱ्यांना हवी होती नुसती हकिगत, आणि ती सांगायला नवरा, हनुमंतराव, टपूनच बसलेला. चोरी झाली तेव्हा हा गृहस्थ आत घोरत होता. तरी त्याच्या तोंडी एका मोपेडच्या दोन झाल्या, चोराला मिशा आल्या, आणि शेवट ठरलेला, "हिनें जरा मागें बघितलें असतें तर!" कॉफीचे पेले विसळता विसळता वरलक्ष्मीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कोलम मात्र बंद पडलं. तंजावरात दार कोरं दिसलं की लोक समजतात, घरात कुणी गेलं. व्हायचं तेच झालं. ओरत्तनाडू गावचा चुलतदीर गुरुराज कामासाठी राजवाड्याकडे आला होता. कोरं दार बघून तो रडवेल्या तोंडानं आत शिरला. "काकू कधीं गेल्या? मज कळवलें कां नाहीं?"

काकू, म्हणजे वरलक्ष्मीच्या सासूबाई ताराबाई, समोरच शेंगा सोलत बसल्या होत्या. "इथेंच आहें रे, मेल्या!"

तो ओशाळून गेला आणि ताराबाई सुनेवर उखडल्या. हनुमंतरावानं री ओढली. "नवी साखळी आणली, अजून काय राहिलें? उद्यां कोलम घाल. सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिठाची वाटी त्याच्याच हातात कोंबली. "तुम्हांस सगळें माहीत. तुम्हीच वाका."

"पुरुषानें कोलम?"

"एक ठिपका घाला. पाठ रस्त्याकडे."

समोरच्या घरातून लोक बघत होते. दारात तमाशा नको म्हणून तो चरफडत वाकला. तेवढ्यात मागून मोपेडचा आवाज आला. वाटी पडली, पीठ सांडलं आणि हनुमंतरावाचा हात गळ्यावर गेला. त्या गळ्यात सोन्याचा कण नव्हता.

"अगो, किती जवळून गेली," तो म्हणाला.

"पलीकडच्या कडेनें गेली," वरलक्ष्मी म्हणाली. "मी बघत होत्यें."

तो उठून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. सांडलेल्या पिठातलंच चिमूटभर घेऊन ती त्याच्या मागे वाकली. रेषा वेड्यावाकड्या आल्या. "हलूं नका," ती खेकसली. तो हलला नाही.

संध्याकाळी कुणी पाहुणे आले, सवयीनं हनुमंतरावाकडे वळले. "कसें जालें हो तें?"

"मज काय माहीत," तो म्हणाला. "मी निजलों होतों."