गालातला चुना

मी एका गालाचे आतले अस्तर आहे. वयाने पन्नाशीचे, अंगाने मात्र सदा नवे. कारण माझ्या वरच्या पेशी झडत असतात आणि खालून ताज्या येत असतात. मित्रांनो, तुमच्या जिभेचे टोक आत्ता गालाला लावून पाहा. मऊ, ओले, गुळगुळीत लागले ना? ते माझेच भावंड.

माझ्या मालकाचे नाव इसरू. हिवाळाभर वडसा भागात झाडीपट्टीची नाटके होतात, त्यांत तो विनोदी कामे करतो. उरलेले वर्ष गावच्या तळ्यात मासे धरतो.

त्याच्या आईच्या पोटात माझा जन्म झाला. तेव्हा इसरूला चेहरा नव्हता. नुसते लहान लहान उंचवटे होते. ते दोन्ही बाजूंनी वाढत, सरकत जवळ आले. त्यांच्यावर पांघरलेल्या आम्ही पेशी शेजारणीचा हात न सोडता त्यांच्याबरोबर गेलो. टाळूच्या दोन फळ्या मध्यभागी भेटल्या, तेव्हा सांध्यावरच्या पेशींनी आपली जागा सोडून दिली, म्हणून टाळू एकसंध झाला. चालावे केव्हा आणि थांबावे कुठे, हा आमचा पहिला धडा.

पुढे इसरूने नाव कमावले ते एका आलुबोंड्यावर, म्हणजे बटाटेवड्यावर. नाटकात तो खादाड जावई होई आणि सासऱ्याच्या ताटातला अख्खा बोंडा एका घासात तोंडात कोंबी. मंडप हसून लोळे. टाळ्या त्याला मिळत, पण मित्रांनो, ताणले जात होते कोण?

एकदा बोंडा कढईतून थेट रंगमंचावर आला आणि मी चांगलेच भाजले. त्या वेळी आमची करामत पाहायला हवी होती. ओढजाळ धरून ढिवर तळ्याच्या दोन्ही काठांनी कसे आत सरकतात? पुढचे पायाने चिखल चाचपतात, मागचे जाळे सैल पडू देत नाहीत. तशाच माझ्या कडेच्या पेशी पाय पसरून निघाल्या, बाकीच्या त्यांना धरून मागे. मध्यभागी गाठ पडली आणि सगळ्या थांबल्या. जखम बुजली, इसरूला पत्ताही लागला नाही.

मग माझे वाईट दिवस आले. सासऱ्याचे काम करणारा डोमा हा इसरूचा जिवलग. तो प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा करी आणि पहिली चिमूट इसरूपुढे धरी.

"नोको गा, आता जेवलो."

"तुले माया खर्रा चालत नाई का बे? मंग बोंडाबी नाई भेटत तुले!"

आमच्याकडे पुढे केलेला खर्रा नाकारणे म्हणजे दोस्ती मोडणे. चिमूट माझ्याच कुशीत बसे. मी हळूहळू ताठरले. माझ्यावर एक पांढरा डाग उमटला. भाजी झोंबू लागली, तेव्हा इसरू बायकोवर, प्रेमिलावर, चिडला.

"तिखट काऊन टाकतेस एवढा?"

"लेकरं खाऊन राह्यले तेच! तुमचंच तोंड नवरीचं झालं काजी?"

त्या हिवाळ्यात एका प्रयोगात तोंड पुरते उघडेना आणि बोंडा अर्ध्यावरच अडकला. इसरूने डोळे फिरवले. लोकांना वाटले नवी नक्कल आहे. ते अधिकच हसले. डोमाही हसला. पेटीवरची दिव्यानी तेवढी हसली नाही. ती भैयाजींची मुलगी. पेटी पूर्वी भैयाजी वाजवत; ते वारल्यापासून ती वाजवते.

पडदा पडल्यावर ती आली. "काका, तोंड उघडा."

"काऊन वो?"

"उघडा त खरं. हे पांढरं काय होय?"

"खर्ऱ्याचा चुना हाय, पोरी."

तिने पाण्याचा गडू पुढे केला. इसरूने चूळ भरली, बोटाने घासले. डाग तसाच.

"चुना पाण्यानं जाते काका. बाबाच्या गालातल्यालेबी आमी चुनाच समजलो होतो."

डोमाच्या हातातली पन्नी तशीच राहिली.

"सिजन सरू दे, मंग जाऊ," इसरू पुटपुटला.

"मंग पेटीबी सिजन सरल्यावरच वाजन," ती म्हणाली आणि तिने पेटीचा भाता बांधून टाकला.

गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डाग कापून तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत इसरू रोज आरशासमोर आ करून बघे. मला मात्र आतले ठाऊक होते. मित्रांनो, कर्करोग हा बाहेरून आलेला राक्षस नव्हे. आमच्यातलीच एखादी पेशी बिघडते, शेजारणीचा हात सोडते, आमच्याखाली अंथरलेली पातळ चटई फाडून चालू लागते. चालणे तेच, पोटात शिकलेले; थांबणे तेवढे ती विसरते. माझ्या काही पेशींची रांग मोडली होती. चटई अजून शाबूत होती.

निकालही तसाच आला. "अजून कर्करोग नाही," डॉक्टर म्हणाले. "पण खर्रा आजपासून बंद. आणि तपासणीला येत राहायचं."

कापलेल्या जागी आम्ही पुन्हा दोन्ही काठांनी निघालो. ताठर अंगाने जरा उशीर लागला, पण भेटलो आणि थांबलो. डोमा आता पन्नीत बडीशेप आणतो आणि पहिली चिमूट इसरूलाच देतो. माझा ताठरपणा पुरता गेला नाही, जाणारही नाही. तोंड उघडण्याचा व्यायाम मात्र रोज चालतो.

मित्रांनो, खर्ऱ्याला नाही म्हटल्याने खरी दोस्ती मोडत नाही. आरशासमोर आ करून आम्हाला कधीतरी पाहत जा, घरातल्या मोठ्यांनाही दाखवायला लावा. पांढरे दिसले तर चूळ भरायला सांगा. गेले तर चुना. न गेले तर त्यांचा हात धरून दवाखान्यात न्या.

यंदाच्या पहिल्या प्रयोगात ताटात लिंबाएवढा बोंडा आला. मंडपातून कोणी ओरडले, "बोंडा लहान झाला गा!"

इसरूने तो अख्खा तोंडात टाकला, डोमाकडे बोट दाखवले आणि भरल्या तोंडाने तो म्हणाला, "सासराच कंजूस हाय माया!"

मंडप लोळला. पेटीचा एक सूर चुकला. दिव्यानी हसत होती.