निरोपाचे तीन दिवस

१९८५च्या जानेवारीत एका रविवारी टीव्हीवरच्या माणसाने सांगितलं, संध्याकाळी सातनंतर तापमान उणे अठरा फॅरनहाइट, घरं बंद करून घ्या. सेल्सियसमध्ये किती, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची हिंमत झाली नाही.

अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या आमच्या घराला आठ खिडक्या. माझा मित्र राजीव आणि त्याची बायको दीपा हेअर ड्रायर घेऊन मदतीला आले. खिडक्यांवर प्लास्टिक ताणून ड्रायरने तापवून घट्ट केलं, सिंकखालच्या पाइपांना टॉवेल गुंडाळले, फटींत माझ्या बायकोच्या, वसुधाच्या, जुन्या साड्या कोंबल्या. सहापर्यंत घर असं बंद झालं की आम्ही चौघे लोणच्यासारखे मुरायला तयार होतो.

आता माझी एकच इच्छा होती. या दोघांनी सातच्या आत निघावं. त्यांची गाडी म्हातारी, सातनंतर ती उठणार नाही. आणि राजीव हा उत्तम माणूस आहे, चार तासांपर्यंत.

"चला, येतो," राजीव म्हणाला. बसूनच. साडेसहाला उभा राहून म्हणाला. पावणेसातला एक बूट घालून त्याने ग्रीन कार्डाचा विषय काढला.

"राजीव, गाडी," मी म्हणालो.

"हां, गाडीवरून आठवलं."

मी दार उघडलं, सूचना म्हणून. दोघं उंबरठ्यावर आले आणि तिथेच रुजले. आपल्या लोकांना खरं बोलणं उंबरठ्यावरच सुचतं.

"थांब गं दीपा, संक्रांतीचं कुंकू राहिलं," म्हणत वसुधा आत पळाली. कुंकू झालं, तिळगूळ झाला, डबा आला, मागच्या वेळच्या डब्याची चौकशी झाली. दार उघडंच. दिवसभर कोंडून ठेवलेली ऊब आमच्या देखत रस्ता ओलांडून शेजाऱ्यांकडे गेली.

सात वीसला गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली.

मग तीन दिवस. राजीव माझ्या खुर्चीत बसून थर्मोस्टॅट कसा लावावा ते सांगायचा. दीपाने मसाल्यांचे डबे नव्या क्रमाने लावले. वसुधा माझ्याशी बोलेनाशी झाली, कारण पाहुण्यांशी अबोला धरणं बरं दिसत नाही. एकटं बसायला फक्त बाथरूम. तिथेही दाराबाहेरून आवाज यायचा, "नरेंद्र, नळ थेंबथेंब चालू ठेव रे, पाइप गोठेल."

बुधवारी ऊन पडलं. शेजाऱ्याने आपल्या गाडीला केबल जोडून यांची गाडी सुरू करून दिली. मी निरोपाला सकाळी नऊलाच हात घातला होता, त्यामुळे दोनला दोघं खरंच बाहेर पडले. दीपा गाडीत बसली. राजीवने एक पाय आत टाकला, थांबला, आणि परत दाराकडे यायला लागला.

मी दार लावलं. पाहुण्याच्या तोंडावर, आयुष्यात पहिल्यांदा.

"नरेंद्र," तो बाहेरून म्हणाला, "एकच सांगायचं राहिलं."

"फोनवर सांग."

"फोनवर मजा नाही यार."

मी हललो नाही. बाहेर इंजिन घरघरत होतं. मग ते बंद झालं. दीपाने पेट्रोल वाचवलं असणार.

वसुधा मागे येऊन उभी राहिली. तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"अहो, थंडीत उभा आहे तो. आत घ्या त्याला."