आढ्याचा पाळणा

आमच्या मंडळीत हंगामाच्या सणाला साक्ष द्यायची रीत आहे. शेतातलं, परसातलं जे काही आलं असेल ते टोपलीत घालून देवळात आणायचं, वेदीपुढं ठेवायचं, आणि वर्षभरात ज्याला प्रभूकडून काही मिळालं त्यानं उभं राहून सांगायचं. कुणाचं दुखणं बरं झालं, कुणाचा पोरगा रेल्वेत लागला, कुणाची म्हैस सुखरूप व्याली. ज्याला काही मिळालं नाही त्यानं बसून आमेन म्हणायचं. मी लग्न झाल्यापासून बसूनच होते. माझ्याएवढं खणखणीत आमेन छावणीच्या देवळात दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

आधीच सांगून टाकते, मला लेकरू झालं नाही. नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत वाट बघत बसतो आणि मग माझ्यावरच चिडतो. आज धाकट्या दिराची पोरं, त्यांच्या सुना, नातवंडं, सगळी मला मोठी आई म्हणतात आणि मला विचारल्याशिवाय या घरात चूल पेटत नाही. पण ते नंतरचं. ही गोष्ट पोलीस ॲक्शन होऊन दहाएक वर्षं झाली होती तेव्हाची. तेव्हा आमच्या घरात आढ्याला एक रिकामा पाळणा बांधलेला होता.

पाळणा माझ्या नवऱ्यानं केलेला. सांडू त्याचं नाव. मिशनच्या शाळेत सुतारकी शिकला होता, देवळातली बाकं त्याच्याच हातची. लग्नाच्या पहिल्या वर्षी कुणी न सांगता सागवान घेऊन आला आणि कामावरून आल्यावर रोज थोडं थोडं करत राहिला. खांबांवर द्राक्षाचे घड कोरले. माणूस मुलखाचा अबोल, पण त्या घडांतला एकेक मणी बघितला की कळायचं त्याच्या मनात काय आहे. सासूनं, द्वारकाबाईनं, पाळण्याला तेल चोळलं. पुढं वाट बघून बघून तोच पाळणा आढ्याला उलटा बांधून ठेवला. रात्री पाठ टेकली की डोळ्यांपुढं तोच.

एकदा मी शेजारच्या हातगाडीवाल्या गयासला हाताशी घेऊन तो खाली उतरवला आणि त्यात कांदे भरले. चांगली हवा लागते, कांदा सडत नाही. सासूनं अंगण डोक्यावर घेतलं.

"पाळण्यात कांदे? अगं लेकराची जागा ती!"

"लेकरू येईल तवा काढते की कांदे. त्यांना कुठं बाळंतपण करायचंय?"

तिनं एकेक कांदा उचलून अंगणात फेकला. पाळणा पुसून पुन्हा वर गेला.

माझे उपास झाले, प्रार्थना झाल्या. पाद्रीसाहेबांचा डोक्यावर हात ठेवून झाला. मी समोर दिसले की ते पवित्र शास्त्रातल्या त्याच त्या बायांवर उपदेश करायचे, ज्यांना उशिरा का होईना पण पोरगा झाला. एका रविवारी मी त्यांना देवळाच्या दारातच धरलं.

"साहेब, ज्यांना झालंच नाय त्या बाया कुठं गेल्या? त्यांच्यावर एकबी ओळ नाय का?"

साहेबांनी चष्मा पुसला. "विचार करून सांगतो," म्हणाले. सांगायचं राहून गेलं. आता तर वारले बिचारे.

मग मी मिशनच्या डॉक्टरीणबाईकडं गेले. त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "तुझ्यात मला काही दोष दिसत नाही. आता नवऱ्याला घेऊन ये." मी घरी येऊन सांडूला एकट्याला गाठून सांगितलं. तो रंधा मारत होता.

"मला काय धाड भरलीय?" एवढंच म्हणाला. रंधा थांबला नाही. पायाशी सालपटांचा ढीग वाढत गेला. मी तो विषय पुन्हा काढला नाही, त्याच्यापाशी नाही आणि दुसऱ्या कुणापाशीही नाही.

त्या साली बाजरी घरात आली आणि पाठोपाठ सासूचा भाऊ फकिरा सोयगावहून आला. तो आमच्या मंडळीतला नव्हता. माणूस वाईट म्हणता येणार नाही, पण बोलताना समोर कोण बसलंय ते बघायची त्याला सवय नव्हती. माझ्याच हातची भाकर मोडत मोडत म्हणाला, "द्वारके, माझी लेक सरू करून घे सांडूला. थोरली घर बघंल, धाकटी लेकरं बघंल. भांडायचं कारणच नाय."

"मंडळीतून नाव काढतील रे," सासू म्हणाली.

"काढंनात. देव काय एकाच देवळात बसतो व्हय?"

दुसरी बायको करायला बंदी करणारा कायदा तेव्हा आला होता, पण गावाकडं कायद्याला विचारतंय कोण? सासूनं फक्त आढ्याकडं बघितलं. पन्नास शब्द बोलली असती तर मी पन्नास उत्तरं दिली असती. वर बघण्याला काय उत्तर देणार?

फकिरामामाला वाटलं, काम झालं. "आता दोष हिच्यात हाय, त्यात पोराचा काय गुन्हा? त्यानं काय म्हणून जन्मभर ताटकळायचं?"

सांडूचा घास हातातच राहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काय बोलू शकते हे त्या घरात त्या एकट्यालाच ठाऊक होतं. आलेला शब्द तोंडात धरून ठेवायची माझ्या जिभेला कधीच सवय नव्हती. डॉक्टरीणबाईचं एक वाक्य बोलले असते तर मामाची भाकर घशात अडकली असती आणि माझ्या नवऱ्याची मान चारचौघांत खाली गेली असती.

मी म्हटलं, "मामा, अजून एक भाकर वाढू?"

मामानं वाढून घेतली. हात धुता धुता सांडूला म्हणाला, "रविवारी तुमचा सण हाय म्हणता. तो होऊ दे, म्या इथंच राहतो. सोमवारी जबाब दे, तो घिऊनच जातो." सांडूनं मान हलवली. होकाराची म्हणावी तर तशी, नकाराची म्हणावी तर तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी देवळात जाऊन बसले. आत चिटपाखरू नव्हतं. नवऱ्यानं केलेल्या बाकावर बसले आणि तोंड उघडलं, तर रोजचीच प्रार्थना यायला लागली, प्रभू, मला लेकरू दे. आणि एकदम माझी मलाच शरम वाटली. रेशनच्या दुकानापुढं उभं राहावं तशी मी इतकी वर्षं त्याच्यापुढं उभी होते. माल आला का? नाही आला. बरं, पुढच्या आठवड्याला येते. ज्याच्या दारात एवढ्या खेपा घातल्या त्याला नुसतं भेटायला म्हणून मी एकदाही गेले नव्हते.

मग मी काही मागितलं नाही. बसून राहिले. सगळं सांगितलं, मामाचं, सासूचं, सांडूचं. रडू आलं ते येऊ दिलं. उठले तेव्हा भीती गेली होती. सांडू सोमवारी काय बोलायचं ते बोलो. माझा हात ज्यानं धरलाय तो सोमवारी सोडून जाणारा नाही, एवढं मला पक्कं कळलं होतं. आणि मला काय करायचंय तेही.

शनिवारी गयासला हाक मारून पाळणा खाली घेतला आणि घासूनपुसून अंगणात उन्हात ठेवला.

"आता काय लसूण भरतीस का?" सासू.

"उद्या देवळात देणार हाय. अर्पण म्हणून. मंडळीतल्या लेकरांना होईल."

सासू मटकन उंबऱ्यावर बसली. "अगं, पाळणा घरातून काढायचा म्हणजे देवाला आपणच नको म्हणून सांगायचं!"

"इतकी वर्षं त्याच्या डोळ्यांपुढं टांगून ठिवला की, आत्याबाई. त्याला दिसला नसंल व्हय?"

सांडू दारात उभा होता. "तो म्या केलाय," म्हणाला.

"म्हणून तर देतेय. माझ्या घरात यापरीस चांगलं दुसरं काय हाय?"

त्यानं चपला घातल्या आणि निघून गेला.

रविवारी सासू आणि तो पुढं गेले. सासूच्या डोक्यावर टोपलीत परसातल्या तांबड्या भोपळ्याचं भलंमोठं डांगर होतं. मी गयासच्या गाडीवर पाळणा घालून मागून गेले. गयासनं तो देवळाच्या दारात उतरवून दिला.

"भाभी, अंदर तक पकडूं?"

"नको भाऊ. ज्यानं केला त्यानं धरला पाहिजे."

"और नहीं पकडा तो?"

"तर इथंच राहील दारात. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसंल."

फकिरामामा बाहेर लिंबाखाली तंबाखू मळत बसला होता. त्यानं पाळणा बघितला आणि मळायचा थांबला.

आत गाणी झाली, उपदेश झाला. पाद्रीसाहेबांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" मंडळीतल्या म्हाताऱ्या लक्ष्मीबाईनं नातवाचा ताप उतरल्याची दिली, आणखी कुणी विहिरीला पाणी लागल्याची. मी आमेन म्हटलं आणि उभी राहिले. बायकांच्या बाजूला कुजबूज उठली. एकीनं तर माझ्या पोटाकडंच बघितलं.

"तसं काही नाय," मी तिला म्हटलं. "नीट बस."

मग पुढं तोंड करून बोलले. "मला लेकरू नाय. मागितलं, मिळालं नाय. पुढंबी मिळंल असं वाटत नाय. तरी म्या साक्ष द्यायला उभी हाय. मिळालेल्यांनीच उभं राहायचं असं कुठं लिहिलंय? प्रभू येशूला तरी कुठं लेकरू होतं?"

"अगं बया," सासूचा आवाज आला.

"माझी वटी रिकामी हाय, पण त्यानं मला रिकामं टाकलं नाय. उद्या माझ्या घरात काय व्हायचं ते होवो, म्या या बाकावरून उठणार नाय. माझं अर्पण दारात हाय. एकटीला उचलत नाय."

मी दारापर्यंत चालत गेले, पाळण्याची एक बाजू धरली आणि थांबले.

कुणी हललं नाही. कसं हलणार? दुसरी बाजू कुणी धरायची ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुरुषांच्या बाजूला सांडू मान खाली घालून बसला होता, बाकाच्या कडेवरून अंगठा फिरवत, लाकूड बघतो तसा. मी खांबावरचे द्राक्षाचे घड मुठीत आवळून धरले. मनात म्हटलं, नाही आला तर ओढत नेईन.

सांडू उठला. आला, दुसरी बाजू धरली, म्हणाला, "तुझ्याकडनं जरा वर घे." आम्ही दोघांनी पाळणा मधल्या वाटेनं नेला आणि वेदीपुढं ठेवला. मला वाटलं, आता जागेवर जाईल. तो तिथंच उभा राहिला. त्या माणसाला मंडळीपुढं बोलताना तोपर्यंत कुणी ऐकलं नव्हतं.

"मलाबी साक्ष द्यायचीय," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाईला हिच्यात दोष दिसला नाय. मला बोलावलं होतं. म्या भ्यालो, गेलो नाय. हिला ठाऊक होतं. घरात एवढं ऐकून घेतलं हिनं, पण बोलली नाय." मग बाहेर लिंबाखाली ऐकू जाईल एवढा आवाज चढवून म्हणाला, "मामा, सोमवारची वाट बघू नका. जबाब नाय असा हाय. सरूला चांगलं ठिकाण बघा."

पाद्रीसाहेब चष्मा पुसत राहिले.

मग बायकांच्या बाजूनं बांगड्या वाजल्या. सासू उठली होती. डांगर दोन्ही हातांनी पोटाशी धरून, एकेक पाऊल टाकत पुढं आली. मला वाटलं, आता मंडळीदेखत मला सोलून काढते. ती पाळण्यापाशी थांबली, लेकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि वाकून ते डांगर पाळण्यात ठेवलं.

"कड धर की, बघतीस काय?" मला म्हणाली. डोळे भरून वाहत होते, तोंड मात्र तसंच चालू. "डांगरानं खरवडंल एवढं कोरलेलं. सांडू, हलवू नको मेल्या, त्याला निजू दे."

मागून लक्ष्मीबाई बाजरीची कणसं घेऊन उठली.