इथले जुने लोक सांगतात

“इथंच उभी राहते ती,” ज्युएल म्हणाली आणि गॅलरीच्या कठड्याला हात लावून बाजूला झाली. “निळा झगा, हातात कंदील. नाव मॉडेस्त. या घरात शिवणकाम करायची. गुलाम होती, पण घरच्या धाकट्या मालकावर, आर्मांवर, तिचा जीव जडला होता. तो लढाईवर गेला आणि ही रोज इथं येऊन वाट बघायला लागली. तो काही परत आला नाही. मग एक दिवस ती समोरच्या नदीत चालत गेली. अजूनही कधीकधी या कोपऱ्यात वाळ्याचा वास येतो. येतोय का कुणाला?”

दहाबारा पर्यटकांनी नाकं वर केली.

“मला येतोय,” एक बाई म्हणाली.

“तो माझा साबण आहे,” तिचा नवरा म्हणाला. सगळे हसले. ज्युएलही हसली. असं रोज कुणीतरी म्हणत असावं, इतकी तिच्या हसण्याला सवय होती.

सगळ्यांच्या मागं उभी असलेली अर्लीन ब्रूसार तेवढी हसली नाही. तिनं भिंतीचा आधार घेतला होता. वाळ्याचा वास तिचा होता. निळा झगा तिचा होता. कंदील तर तिनं एकतीस वर्षांपूर्वी मोटेलच्या खोलीत कॉफी गार होईस्तोवर बसून मनाशी जुळवला होता.

अर्लीन अडुसष्ट वर्षांची. ब्रो ब्रिज गावात एकटी राहायची आणि दुसऱ्याच नावानं प्रेमकथा लिहायची. चौतीस पुस्तकं झाली होती. पस्तिसावं काही केल्या उभं राहीना. प्रकाशकाकडच्या नव्या मुलीनं सांगितलं होतं की हल्ली प्रेमाला भुताची जोड लागते. म्हणून सोमवारपासून अर्लीन नदीकाठच्या जुन्या हवेल्या पालथ्या घालत होती. एका हवेलीत आपोआप वाजणारा पियानो होता, एका ठिकाणी डोळे फिरवणारी नववधूची तसबीर, एका ठिकाणी नुसतंच एक कुत्रं. कुठंही तिचं मन ठरत नव्हतं. खोलीत बसलं की बाहेर जावंसं वाटे, गाडीत बसलं की उतरावंसं. टर्व्हिल हवेली तिच्या यादीत नव्हतीच. रस्त्यावरची पाटी बघून गाडी आपसूक आत वळली होती.

एकतीस वर्षांपूर्वी ती इथं आली तेव्हा हवेलीचे वासे निखळलेले होते. राखणदारानं तिला जुन्या कागदांची एक पेटी उघडून दिली होती. त्यात मळ्यावरच्या गुलामांची यादी होती, नाव, वय, काम. अर्लीन नावं कधी मनानं रचत नसे. रचलेलं नाव पानावर तग धरत नाही असा तिचा अनुभव. ती जुन्या याद्यांतून नावं वहीत उतरवून घेई, बाजारात टोमॅटो चाचपून निवडावेत तशी. ‘मॉडेस्त, एकोणीस, शिवणकाम.’ ते नाव तिला आवडलं होतं.

पुस्तकात आर्मां परत आला होता. त्यानं मॉडेस्तला मुक्त केलं होतं आणि दोघांनी पॅरिसला जाऊन लग्न केलं होतं, कारण अर्लीनच्या पुस्तकात शेवटी लग्न झालं नाही असं कधी झालंच नव्हतं. ते पॅरिस कुणीतरी कापून टाकलं होतं. सुखानं नांदणारं भूत बघायला तिकीट कोण काढणार?

पण हे सगळं खरं म्हणून इथवर आलं कसं, ते तिला चांगलं ठाऊक होतं. वाचकांचा विश्वास बसावा म्हणून प्रस्तावनेत तिनं एक वाक्य टाकलं होतं, ‘ही कहाणी इथले जुने लोक आजही सांगतात.’ कुणी सांगितली नव्हती. तिनं कुणाला विचारलंच नव्हतं.

गॅलरीतून खाली उतरताना ज्युएल तिच्याजवळ रेंगाळली. पन्नाशी ओलांडलेली, भारदस्त बाई, छातीवर हवेलीच्या नावाची पट्टी.

“बरं वाटत नाही का, मॅम? पाणी आणू?”

“नको. चढायची सवय राहिली नाही.”

“पुष्कळांना होतं असं. मॉडेस्त धरते म्हणतात.” आणि आवाज खाली आणून ती म्हणाली, “मला कधी धरलं नाही बाई. बारा वर्षं झाली. घरचीच आहे ना मी. माझ्या आईच्या आजीची आई ती.”

अर्लीन गाडीत जाऊन बसली आणि निघून गेली.

रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग होती. गाळपाचे दिवस. दोन्ही बाजूंना पाचट जळत होतं आणि काचेवर काळी राख येऊन बसत होती. तिनं प्रकाशकाकडच्या मॅलरीला फोन लावला. कुणाला तरी सांगायला हवं होतं.

“थांबा, थांबा,” मॅलरी म्हणाली. “तुम्ही रचलेलं भूत खरं निघालं?”

“खरं निघालं नाही. लोक खरं मानतात.”

“अर्लीन, ते एकच झालं. मग हेच पस्तिसावं. मॉडेस्त परत येते. हवेलीवाले आपल्या दुकानात ठेवतील, मी आजच बोलते त्यांच्याशी. तुम्ही फक्त एक करा, तिथं कुणापाशी काही बोलू नका.”

“तिची माणसं आहेत गं तिथं.”

“छान. आभारात त्यांचं नाव घालू.”

अर्लीननं फोन ठेवला. नदीवरचा पूल ओलांडून ती पलीकडे उतरली, पेट्रोलपंपावर उगाच थांबली, परत फिरली, पुलाच्या मध्यावर आल्यावर वाटलं घरी जावं, म्हणून अलीकडे येऊन पुन्हा वळली. गाडी चालवताना ती रोज जपमाळ हातात घेऊन प्रार्थना म्हणायची; वर्षानुवर्षांचा नेम. आज ‘आमच्या अपराधांची क्षमा कर’ इथपर्यंत येई आणि पुढचे शब्दच आठवेनात. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा तिनं माळ सीटवर ठेवली आणि टर्व्हिल हवेलीच्या रस्त्याला लागली.

ज्युएल मागच्या पायऱ्यांवर डबा खात बसली होती.

“पर्स विसरलात का?”

“नाही. मिस ज्युएल, मी अर्लीन ब्रूसार. तुम्ही मघाशी जी गोष्ट सांगितलीत ना, ती मी लिहिलेली आहे.”

“टुरिस्ट खात्यात होतात?”

“प्रेमकथा लिहिते. एकतीस वर्षांपूर्वी एक पुस्तक लिहिलं. आर्मां, कंदील, निळा झगा, सगळं माझ्या मनचं. नाव तेवढं खरं होतं, ते मी यादीतून उचललं.”

ज्युएलनं चमचा डब्यात ठेवला. मग खिशातून घडी पडून पडून मऊ झालेले कागद काढले. मालकीणबाईंनी पाठ करायला दिलेले, कुठल्यातरी पुस्तकावरून झेरॉक्स काढलेले. पहिल्याच पानावर एका ओळीखाली शाईनं रेघ मारलेली होती. “हे पण तुमचंच? ‘इथले जुने लोक आजही सांगतात’?”

“हो.”

“कोण जुने लोक?”

“कुणी नाही.”

ज्युएल हसायला लागली. बराच वेळ हसत होती, मग एकदम थांबली. “मी दिवसातनं चारदा सांगते हे. माझ्या पोरांना सांगितलं. धाकटीनं शाळेत निबंध लिहिला, पहिला नंबर आला. आणि आई म्हणायची, असलं काही नव्हतं, मॉडेस्तला तिचा स्वतःचा नवरा होता. मी काय म्हणायची, ठाऊक आहे? आई, तू गप बस, हवेलीवाल्यांकडं छापील आहे.” तिनं डब्याचं झाकण लावलं. “दोन वर्षं झाली, या विषयावर बोलत नाही माझ्याशी. मी कामावरचा हा शर्ट घालून गेले की तोंड भिंतीकडं करते.”

“मी काय करू?”

“मला काय विचारता? तिच्यापुढं जाऊन सांगा. माझ्या तोंडचं ती आता ऐकायची नाही.”

ज्युएलची आई युलाली हनोरे ब्याण्णव वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी गेल्या तेव्हा ती ओट्यावर खुर्चीत बसून परातीत भेंड्या चिरत होती. सुरी हातात धरूनच तिनं अर्लीनचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही मान हलवली नाही.

“संपलं?”

“हो, मिस युलाली. माझी चूक झाली. मला माफ करा असं म्हणायलासुद्धा…”

“मग म्हणू नको. जुने लोक म्हणे. या रस्त्यावर जुने लोक म्हणजे आम्हीच. तू त्या पेटीत डोकं खुपसून बसलीस तेव्हा मी इथं, या ओट्यावर होते. बाहेरनं हाक मारली असतीस तरी आले असते.”

“मला सुचलंच नाही.”

“ते दिसतंच आहे.” म्हातारीनं एक भेंडी चिरली. “प्रेमात पडली म्हणे मालकाच्या. बाई, तुला प्रेमाचे पैसे मिळतात ना? मग एवढं कळू नये? ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्यावर कसलं प्रेम?”

चौतीस पुस्तकांत अर्लीनला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

“आई, त्या स्वतःहून आल्यात,” ज्युएल म्हणाली.

“तू बोलू नको. तुझं मी नंतर बघते.” पण या खेपेला तिनं तोंड भिंतीकडं केलं नव्हतं. अर्लीनला तिनं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “नवीन लिहितेयस का आता?”

“लिहायला सांगितलंय. तिच्यावरच. मी नाही म्हणणार आहे.”

“ते तुझं तू बघ. मला कागदावर काही नको, कागद पुष्कळ झाले. रविवारी आमच्या चर्चमध्ये ये. अकराला. आमच्याकडं पाहुण्यांना उभं करतात, नाव सांगायला लावतात, कुठल्या चर्चचे ते विचारतात. तेवढं सांग, आणि मघाशी मला सांगितलंस तेही सांग. माझी नातवंडं, पतवंडं, सगळी तिथं असतात. मी वेडी नाही, एवढं त्यांना कळू दे.”

शनिवारी अर्लीननं मॅलरीला फोन करून नकार दिला. मॅलरी म्हणाली, दुसरं कुणी लिहील, गोष्टीवर काही तुमचा शिक्का नाही. ते खरंच होतं. उरलेला दिवस अर्लीननं कपाटं आवरण्यात काढला. आवरलेली पुन्हा आवरली.

रविवारी चर्च भरलेलं होतं. बायकांच्या मोठमोठ्या टोप्या, पुठ्ठ्याचे पंखे, मधल्या ओळीत हनोरे मंडळींचा सगळा गोतावळा. गोऱ्या कातडीची अर्लीन एकटीच. गाणी झाली, आजाऱ्यांची नावं वाचून झाली, मग पास्टर म्हणाले, “आज पाहुणे कोण आहेत? उभे राहा, तुम्हाला बघू दे.”

अर्लीन उभी राहिली. समोरच्या बाकाला तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं. “माझं नाव अर्लीन ब्रूसार. ब्रो ब्रिजच्या कॅथलिक चर्चची.”

“या, बसा आमच्यात,” चारदोन जण म्हणाले.

“मला अजून सांगायचंय,” ती म्हणाली. आणि तिनं सांगितलं. नीट सांगितलं नाही. लिहिताना वाक्यं कशी हाताखाली येतात, इथं एकही येईना. कंदील मध्येच आला, यादी नंतर आली. पण शेवटी तिनं म्हटलं, “ते सगळं मी रचलं. मॉडेस्तबद्दल मला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. मिस युलाली सांगत होत्या ते खरं होतं.”

पंखे थांबले होते. मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, “हं.” शाळेत पहिली आलेली ज्युएलची धाकटी मुलगी आईकडं बघत होती आणि ज्युएल आपल्या हातांकडं.

मग युलाली उठायला लागली. दोघांनी धरायला हात पुढं केले, तिनं ते बाजूला सारले. उठायला तिला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळे थांबले.

“हे मला माझ्या आजीनं पाठ करून घेतलं होतं,” ती म्हणाली. “क्लेमंस तिचं नाव. मॉडेस्तची लेक. गुलामी सुटल्यावर मॉडेस्त हे पत्र कुणाकडून तरी लिहून घ्यायची आणि दर वर्षी चर्चाचर्चातनं वाचायला पाठवायची. मरेपर्यंत पाठवलं.”

तिनं घसा साफ केला आणि शाळेतल्या मुलीसारखे हात बाजूला सरळ सोडले.

“माहिती हवी आहे, माझा नवरा उर्सिन याची. उंच आहे, डाव्या कानाची पाळी तुटलेली आहे. सुतारकाम येतं. अठराशे साठ साली टर्व्हिलच्या मळ्यावरून त्याला टेक्सासला विकलं. गेला तेव्हा मुलगी रांगत होती. ती आता चालते आणि तिला त्याचं नाव येतं. कुणाला त्याचा ठावठिकाणा लागला तर सेंट जेम्स परगण्यात, नदीकाठच्या चर्चच्या पत्त्यावर मॉडेस्तला कळवावं.”

एवढं म्हणून ती उभीच राहिली. अर्लीनही उभी होती. बसावं हे तिच्या ध्यानात आलं नाही.

पास्टरांनी चष्मा काढला. पूर्वी असलं पत्र वाचून झाल्यावर पाद्र्यानं काय विचारायचं, हे त्यांच्या घरातही कुणीतरी सांगून ठेवलं असावं. त्यांनी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांकडं पाहिलं.

“कुणाला काही ठाऊक आहे का?” त्यांनी विचारलं, आणि एखाद्याला आठवून हात वर करायला लागतो, तेवढा वेळ ते थांबून राहिले.