चौऱ्याऐंशी नंबरचा फॉर्म

चेतनामॅडमनी तो फॉर्म दुसऱ्यांदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "सुप्रिया, मला या बाईंना भेटायचंय."

सुप्रियाच्या हातातला चहा तसाच राहिला.

पुण्यातल्या त्या खोलीला लॅब म्हणायचे एवढंच. यंत्रं नव्हती, दोन लोखंडी कपाटं आणि फॉर्मांचे गठ्ठे. गुडघ्याचं, कंबरेचं जुनं दुखणं बायका मनातून कसं सोसतात, हा सुप्रियाच्या पीएच.डी.चा विषय. तिचं गाव जुन्नर तालुक्यातलं पिंपरी पेंढार, मेंढरं राखणाऱ्या घरात एवढं शिकलेली ती पहिलीच. तिच्या गाइड असलेल्या मॅडमही तिकडच्याच, ओतूरच्या बाजारपेठेतल्या मारवाडी कापडवाल्यांच्या घरातल्या. दोन वर्षांत त्यांनी तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली होती: प्रश्न विचारला की गप्प बसायचं, उत्तराला यायला वेळ लागतो.

चौऱ्याऐंशी नंबरच्या फॉर्मवर नाव होतं गोजरबाई, राहणार घाटघर. दुखणं वाढलं की कोणाला सांगता, या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'कोणालाच नाही. सांगितलं तर म्हणतील, आता हिच्यानं काम होत नाही.' त्याखाली, 'कूस बदलताना पदर तोंडात धरते. बाकीच्यांची झोपमोड नको.'

"सगळ्या गठ्ठ्यात एवढं खरं कोणी बोललेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "शनिवारी जाऊ."

गोजरबाईंना सुप्रिया कधी भेटलीच नव्हती. श्रावणात ती घाटघरला गेली होती खरी. पण धुकं असं उतरलं होतं की हातभर अंतरावरचं दिसेना. शाळेच्या ओसरीवर ती धुकं निवळायची वाट बघत बसली आणि परतीच्या एसटीची वेळ झाली. आरोग्य केंद्राच्या यादीतलं नाव तिच्यापाशी होतंच. एसटीत बसल्या बसल्या तिनं फॉर्म भरला. पेन आपसूक चालत गेलं, कोणीतरी कानाशी सांगत असल्यासारखं.

शनिवारीही धुकं होतं. जुन्नर मागे पडलं आणि खिडकीबाहेर जग दिसेनासं झालं. मधूनच एखादी म्हैस उगवायची, डोळे मिटून उभी, आणि विरून जायची. घंटा वाजायच्या, जनावरं दिसायची नाहीत. सगळं सांगून टाकावं असं सुप्रियाला दर वळणावर वाटलं. ही वाट अशीच चालत राहावी, कुठे पोचूच नये, असंही वाटलं.

गोजरबाई दारातच बसल्या होत्या, ठणठणीत आवाजाच्या. ही मुलगी मागे येऊन गेली ना, असं मॅडमनी विचारलं. गोजरबाईंनी सुप्रियाकडे नीट पाहिलं.

"न्हाई बाई. कुणी आलं असतं, तर म्हैनाभर मी त्येच सांगत बसले असते."

मॅडमनी सुप्रियाकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवीतून कोरा फॉर्म काढून तिच्या हातात दिला आणि बाजूला जाऊन बसल्या. सुप्रियानं पहिला प्रश्न विचारला. गोजरबाई दोन तास बोलल्या. दुखणं कोणाला सांगता, यावर त्या खळखळून हसल्या. माझं गुडघं अख्ख्या गावाला ठावं हाय, म्हणाल्या. सुनेला शिव्या घालत तिच्याचकडून तेल चोळून घेतात, हेही त्यांनी सुनेच्या देखत सांगितलं.

परतीच्या एसटीची वाट बघताना मॅडमनी विचारलं, "मग तो फॉर्म कोणाचा?"

मॅडम गप्प बसून राहिल्या.

"आईचा," शेवटी ती म्हणाली.

"त्यांना विचारलं होतंस?"

"नाही. आमच्यात कोणी विचारत नाही असलं."

मॅडमनी सरळ सांगितलं की तो फॉर्म बाद. उरलेल्या त्र्याऐंशींपैकी वीस घरी त्या स्वतः जातील आणि एकही असा निघाला तर सुप्रियाचं त्यांच्याकडचं काम थांबलं. पुढे दिवाळीपर्यंत त्या खरंच वीस घरं फिरल्या. ते सगळे फॉर्म खरे निघाले, यथावकाश पीएच.डी.ही झाली. पण ते पुढचं. त्या दिवशी जुन्नरला उतरल्यावर त्या म्हणाल्या, "आज पुण्याला येऊ नकोस. घरी जा. आईला विचार."

"पण मॅडम, घरचं माणूस अभ्यासात चालत नाही."

"अभ्यासासाठी नाही सांगत मी."

पिंपरी पेंढारला ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती. इकडे धुक्याचा मागमूस नव्हता. सरुबाई शेळ्यांना पाला टाकत होती. अवचित आलेल्या लेकीला बघून तिनं आधी, जेवलीस का, विचारलं. सुप्रिया पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "आई, तुला काही विचारायचंय. तुझ्या दुखण्याचं."

"सरकारचं हाय का?"

"नाही."

"मंग कोन इचारतंय?"

"मी."

सरुबाईनं पाल्याचा भारा खाली ठेवला. हौदावर जाऊन हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं. कपाळाचं कुंकू चाचपून पाहिलं. मग ओट्यावर येऊन, रेशनकार्डाच्या फोटोला बसावं तशी, पाठ ताठ करून लेकीच्या समोर बसली.

"हां," ती म्हणाली, "इचार."